स्लॅब पावसाच्या आधी
मावळात घर बांधताना ठेकेदार, करार आणि खरा खर्च

मावळात बांधकामाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मृगाला संपतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग लोहगड-विसापूरवर टेकले की पुढचे चार महिने उघड्यावरचं काम होत नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्याची सरासरी चार हजारांच्या घरात आहे. उरलेल्या आठ महिन्यांतला पहिला महिना भातकापणीत जातो, कारण बिगारी कामाची गावातली माणसं तेव्हा खाचरात असतात. म्हणजे हातात सात महिने. तेवढ्यात पाया, जोतं, कॉलम, स्लॅब, गच्चीचा कोबा आणि बाहेरचा गिलावा उरकला पाहिजे. ठेकेदाराने महिनाभर टाळाटाळ केली तर पुण्यातलं घर महिन्याने लांबतं, मावळातलं वर्षाने.

ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्याला ते मे महिन्यात कळतं, आणि तोवर वाटाघाटीची सगळी सूत्रं त्याच्या हातातून गेलेली असतात. हा लेख त्या मे महिन्याच्या आधी वाचण्यासाठी आहे.

आमचं घर नाणे मावळात, कामशेतपासून थोडं आत. २०२३ च्या दिवाळीनंतर ठेका दिला. माणूस ओळखीतून आलेला, बोलायला चांगला, आजूबाजूला त्याची दोन-तीन घरं उभी होती. आम्ही ती बाहेरून पाहिली. त्या घरमालकांशी मात्र बोललो नाही. वीस लाखांच्या ठेक्यात करारालाच चार लाख आगाऊ दिले. जोतं झालं तेव्हा पाच लाख दिले. मग त्याची माणसं पवना धरणाकडच्या एका बंगल्यावर गेली आणि फोनवर रोज एकच उत्तर मिळू लागलं, “उद्या पाठवतो माणसं.” मेच्या मध्यावर कॉलम उभे राहिले. महिनाअखेरीस सेंटरिंगच्या फळ्या लागल्या आणि त्याच दिवशी मागणी आली, तीन लाख आत्ता द्या, नाहीतर स्लॅब दसऱ्याला. आम्ही दिले. चार दिवसांनी पाऊस आला आणि स्लॅब राहिलाच. चार महिने सळ्या उघड्यावर गंजल्या, फळ्या फुगून वाकल्या. दसऱ्याला तो आला तो दर वाढवून मागायला, कारण स्टील महागलं होतं. तोवर बारा लाख देऊन झाले होते आणि जागेवर आठ लाखांचंही काम नव्हतं.

त्या माणसाबद्दलचा राग आता ओसरला आहे. पण चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसतं. पैसा कामाच्या पुढे धावला. एकदा पैसा पुढे गेला की ठेकेदाराला तुमच्या जागेवर परत यायचं कारण उरत नाही. त्याला पुढच्या माणसाचा ॲडव्हान्स खुणावत असतो. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

दर चौरस फुटाचा, पण कुठल्या?

तळेगाव, वडगाव, कामशेत या पट्ट्यात साध्या राहत्या घराचा साहित्यासह ठेका सध्या साधारण दोन हजार ते अडीच हजार रुपये चौरस फूट असा सांगितला जातो. लोणावळा-खंडाळ्यात आकडा चढतो. तिथे चढण आहे, रस्ते अरुंद आहेत, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत डंपर वेळेवर पोहोचत नाही आणि बहुतेक बंगले महागड्या फिनिशिंगचे असतात. नुसत्या मजुरीचा ठेका, म्हणजे सिमेंट, स्टील, विटा सगळं तुम्ही आणायचं, साडेतीनशे ते पाचशेच्या दरम्यान ऐकू येतो.

पण दर विचारण्याआधी क्षेत्र विचारा. नकाशावर घर एक हजार चौरस फूट असतं. बिल करताना ठेकेदार स्लॅबचं क्षेत्र मोजतो, आणि स्लॅबमध्ये छज्जे येतात, पोर्च येतो, बाल्कनी येते. मावळात पाऊस तिरपा मारतो, म्हणून छज्जे रुंद ठेवावे लागतात आणि फरकही तेवढा वाढतो. आमच्याकडे हजाराचे अकराशे वीस झाले. करारात असं वाक्य हवं: क्षेत्र बाहेरच्या भिंतींच्या बाहेरील कडेपासून मोजायचं, छज्जा मोजायचा नाही, पोर्च व बाल्कनी निम्म्या दराने. तीन ओळींच्या या वाक्याने फरकाच्या दोन लाख चाळीस हजारांतले बरेचसे वाचले असते.

जीएसटीचा प्रश्न इथेच सोडवून घ्या. साहित्यासह ठेक्यावर नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के कर लावतो. स्वतःच्या एकट्या घरासाठी नुसत्या मजुरीचा ठेका असेल तर त्यावर जीएसटी नाही. म्हणून काही जण साहित्य स्वतः आणतात. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचा कोटेशनचा कागद कोणी दाखवला तर नवा दर मागा. “बिल नको असेल तर कर वाचेल” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. बिल नसलेल्या कामाचा पुरावा नसतो आणि पुढे भांडायची वेळ आली की तुम्ही किती दिले हेच आधी सिद्ध करावं लागतं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्यालाही मान्य नाही. लहान रक्कमही बँकेतूनच द्या.

माझ्या वहीतला हिशेब

ठेका वीस लाखांचा होता. घर उभं राहिलं तेव्हा खर्च एकतीस लाख पस्तीस हजार झाला होता. आकडे गोल करून देतो. मोजमापातल्या फरकाचे दोन लाख चाळीस हजार वर सांगितलेच. जागा आधी खाचराची होती, मऊ माती खोलवर लागली आणि पाया अंदाजापेक्षा खाली न्यावा लागला, त्याचे एक लाख दहा. उताराच्या बाजूला दगडी भिंत, एक लाख पंच्याऐंशी. सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी मिळून एक लाख पंचेचाळीस. बोअर आणि पंप एक लाख पाच. तात्पुरती आणि कायमची वीजजोडणी तीस हजार. वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नव्वद हजार. परवानगीचे शुल्क आणि कागदपत्रं सत्तर हजार. शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड, एक लाख साठ हजार.

यातले मोजमापाचे आणि पायाचे मिळून साडेतीन लाख ठेकेदाराने वाढवले. बाकीचे सात लाख पंच्याऐंशी हजार ठेक्यात कधी नव्हतेच. आम्हाला ते माहीत नव्हतं, एवढंच. तेव्हा ठेका ठरवताना दराच्या शेजारी दुसरा कागद ठेवा आणि त्यावर “ठेक्यात काय नाही” ते लिहून घ्या. कंपाउंड, गेट, दगडी भिंत, टाक्या, सेप्टिक टँक, बोअर, जोत्यातली मुरूम भर, खोदाईत कातळ लागला तर ब्रेकरचा दर, किचन ट्रॉली, ग्रील, गच्चीची शेड. ठेकेदार यातलं जे “बघू नंतर” म्हणेल, ते तुमच्याच खर्चात धरा.

जमिनीची तपासणी या सगळ्याच्या आधी करा. मावळात एकाच गटात एका कोपऱ्याला दोन फुटांवर कातळ आणि दुसऱ्या कोपऱ्याला आठ फूट चिकणमाती असं घडतं. ट्रायल पिट जेसीबीने काही तासांत होतात आणि त्यांचा खर्च काही हजारांत भागतो. ते पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने पायाची खोली ठरवली की “पाया खोल गेला, पैसे वाढवा” हे वाक्य ऐकावं लागत नाही.

गच्चीच्या पत्र्याबद्दल एक शब्द. पुण्याहून येणाऱ्यांना ती शेड कुरूप वाटते आणि ती टाळायचा मोह होतो. लोणावळ्याच्या पावसात सपाट गच्ची उघडी ठेवायची तर कोबा उत्तम, उतार नेमका आणि पाणी जायचे पाइप मोठे हवेत. त्यातलं एक चुकलं की दुसऱ्या वर्षी छताला ओल येते. पूर्वीच्या घरांना इथे उतरतं कौलारू छप्पर असायचं ते याचसाठी. नवीन घराला उतरता स्लॅब किंवा कौल परवडत असेल तर सुरुवातीलाच घ्या. गच्ची अधिक शेड यापेक्षा पुढे ते बरं पडतं.

परवानगी ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका

“परवानगीचं मी बघतो,” हे ठेकेदाराचं आणखी एक वाक्य. मावळात परवानगी कोण देतं ते जागेवर अवलंबून आहे. ३१ मार्च २०१५ ला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झाली आणि तालुक्यातल्या बहुतेक खेड्यांत तीच नियोजन प्राधिकरण आहे. तिथे ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. तळेगाव दाभाड्याला नगर परिषद आहे, वडगावला नगर पंचायत. लोणावळा नगर परिषदेचं तर वेगळंच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणांच्या परिषदांबरोबर लोणावळा नगर परिषद नावानिशी त्यातून वगळली गेली. म्हणून कामशेतमध्ये काम करणाऱ्या वास्तुविशारदाला लोणावळ्याच्या तुंगार्लीतले नियम ठाऊक असतीलच असं नाही. त्याला आधी विचारा, परिषदेच्या हद्दीत किती नकाशे मंजूर करून घेतलेत.

सातबारा, फेरफार, झोन दाखला आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी हे चार कागद हातात आल्याशिवाय खोदाईला हात लावू नये. इंद्रायणी किंवा पवनेच्या काठावर पूररेषा कुठे आहे ते पाटबंधारे विभागाच्या नकाशावर पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. आयएनएस शिवाजीच्या जवळपास नौदलाच्या ना-हरकतीचा, देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती रेड झोनचा प्रश्न येतो. शेतजमीन घेणारा शेतकरी नसेल तर खरेदीतच अडचण येते, हे मुंबईहून येणाऱ्या मंडळींना बऱ्याचदा विसार दिल्यावर कळतं. परवानगीसोबत विकास शुल्क आणि बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर भरावा लागतो. स्वतःच्या राहत्या घराला उपकरात सूट आहे, तिची सध्याची मर्यादा खिडकीवर विचारून घ्या.

करार: तारखा नक्षत्राच्या, हप्ते कामाच्या

करार स्टँप पेपरवर करा. शंभर रुपयांचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, किमान पाचशेचा लागतो आणि मोठ्या ठेक्याला रकमेनुसार शुल्क वाढतं. वकिलाला एकदा दाखवा. त्याची फी एका खिडकीच्या किमतीपेक्षा जास्त नसते.

हप्त्यांची विभागणी मी आता अशी सांगतो: करारावेळी ५ टक्के, पाया आणि जोतं पूर्ण झाल्यावर १५, स्लॅब पडल्यावर २५, विटकामाला १२, आतल्या-बाहेरच्या गिलाव्याला १३, फरशी, नळकाम आणि वायरिंगला १५, दारं-खिडक्या आणि रंगाला ८. उरलेले ७ टक्के घराने एक पूर्ण पावसाळा काढल्यावर, सप्टेंबर संपल्यानंतर. ठेकेदार यावर हटकून अडेल. अडू द्या. इथल्या पावसात घर गळतं की नाही हे मार्चमध्ये कुणालाच सांगता येत नाही, आणि ते सात टक्के हातात असतील तरच तो जुलैमध्ये तुमचा फोन उचलेल. घासाघीस करून आमच्या ठेकेदाराने ते तीन टक्क्यांवर आणले असते तरी मी मान्य केलं असतं. काहीच न ठेवण्याची चूक करू नका.

काही ठेकेदार रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या फ्लॅटच्या हप्त्यांचा दाखला देतात. “रेरामध्येसुद्धा करार झाला की तीस टक्के असतात.” हे खरं आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारात करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, स्लॅबपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. पण फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा पैसा असतो, तो बिल्डरने आधी घातलेला असतो. इथे जमीन तुमची आहे. करार झाल्या दिवशी ठेकेदाराचा खर्च चुन्याने आखणी करण्याइतकाच झालेला असतो. पाच टक्के पुष्कळ झाले.

तारखा महिन्यांत लिहू नका, पावसाला धरून लिहा. जोतं ३१ जानेवारीपर्यंत, स्लॅब १५ एप्रिलपर्यंत, गच्चीचा कोबा आणि बाहेरचा गिलावा ३१ मेपर्यंत. स्लॅबला १५ एप्रिल का, तर त्यानंतर पाणी मारायला, सेंटरिंग काढायला आणि वर कोबा करायला दीड महिना लागतो. प्रत्येक तारखेपुढे उशिराच्या दर आठवड्यामागे कापायची रक्कम लिहा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार अशी रक्कम वाजवी असेल तेवढीच मिळते, तेव्हा धाक दाखवायला अवास्तव आकडा घालण्यात अर्थ नाही.

ज्या कलमाने आम्हाला वाचवलं असतं ते शेवटचं. सलग पंधरा दिवस काम बंद राहिलं तर लेखी नोटीस द्यायची, पुढच्या सात दिवसांत काम सुरू झालं नाही तर स्वतंत्र अभियंत्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून ठेका संपवायचा आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. हे कलम नसताना ठेकेदार बदलायला गेलात तर नवा मिस्त्री हात लावायला घाबरतो आणि जुना येऊन सामानावर हक्क सांगतो.

वाढीव कामाला एक वही ठेवा. काम, माप, दर, दोघांची सही, तारीख. सही नसलेलं वाढीव काम बिलात येणार नाही, असं करारात लिहा. खिडकी सहा इंच सरकवायची असली तरी वहीत लिहा. घरातली मोठी माणसं साइटवर जाऊन मिस्त्रीला तोंडी बदल सांगतात आणि नंतर बिलात “मालकांनी सांगितलं होतं” असं येतं, तेव्हा घरातूनही एकाच माणसाने सूचना द्यायच्या हे ठरवा.

साइटवर काय मोजायचं

सगळं कळायची गरज नाही, पण काही आकडे लक्षात ठेवले की ठेकेदार तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतो. हजार चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घराला ढोबळमानाने चारशे पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन स्टील लागतं. नेमका आकडा तुमच्या डिझाइनवरून इंजिनिअर देईल. वाळू, खडी ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि आतल्या मालाची उंची टेपने मोजून गुणाकार करा, कारण हौदा काठोकाठ भरलेला नसतो. सळीचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरमागे किलो मिळतील. १२ मिलिमीटरची सळी मीटरला ८८८ ग्रॅम, बारा मीटरची पूर्ण सळी साधारण १०.६६ किलो. दहा सळ्यांचं वजन १०६-१०७ किलो भरलं नाही तर ट्रक काट्यावर परत पाठवा.

सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांत सिमेंटची ताकद बरीच उतरते, दमट हवेत त्याआधीच. लोणावळ्यात पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून कधीच ठेवू नयेत, खाली फळ्या आणि वर प्लॅस्टिक हवं. काँक्रीट टाकायच्या दिवशी इंजिनिअरला हजर ठेवा आणि सहा इंची क्यूब भरून घ्या, त्यांची तपासणी ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत होते. मिक्सरमध्ये पाणी जास्त घातलं की काँक्रीट पसरवायला सोपं जातं आणि घर कायमचं कमजोर होतं. त्या एका दिवशी रजा काढा, बाकी कुठल्याही दिवशी काढली नाहीत तरी चालेल.

स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं याचा नियम भारतीय मानक ४५६ मध्ये आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला म्हणजे राखमिश्रित सिमेंटला किमान दहा, कोरड्या उन्हाळी हवेत अनुक्रमे दहा आणि चौदा. आपल्याकडे बहुतेक पीपीसीच येतं आणि स्लॅब एप्रिलात पडतो, म्हणजे चौदा दिवस गच्चीवर आळी करून पाणी साठवून ठेवा. बोअर तोवर झालेलं नसेल तर टँकरचे पैसे बाजूला काढा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस तरी हलवायचे नाहीत. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून आणखी वाढवा. फळ्यांचं भाडं वाचवायला ठेकेदार घाई करतो.

कोबा झाल्यावर गच्चीचे पाइप बंद करून पाणी भरा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. खाली छताला डाग उमटला तर तेव्हाच तोडून दुरुस्त करता येतं.

घर बिल्डरच्या स्कीममधलं असेल तर

पवना धरण, कार्ला, मळवली, कुसगाव भागात प्लॉट आणि बंगला एकत्र विकणाऱ्या अनेक स्कीम आहेत. तिथे २०१६ चा रेरा कायदा तुमच्या बाजूला आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर पैसे परत मागून व्याज घेता येतं, किंवा प्रकल्पात राहून दर महिन्याचं व्याज घेता येतं. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरला विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. महारेराकडे तक्रार ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार रुपये. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून मंजूर नकाशा आणि पूर्ततेची तारीख स्वतः वाचा, विक्री कार्यालयातल्या मॉडेलवर जाऊ नका.

पण जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंतच असतील तर रेराची नोंदणी लागत नाही. मावळातल्या चार-पाच बंगल्यांच्या छोट्या स्कीम नेमक्या या फटीत बसतात. तिथे आणि स्वतःच्या प्लॉटवरच्या ठेक्यात आधार उरतो तो ग्राहक संरक्षण कायद्याचा.

भांडण झालंच तर

१९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा घर बांधून देणं ही ‘सेवा’ आहे हेसुद्धा कायद्यात कुठे नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ते १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गृहबांधणी सेवेच्या व्याख्येतच आहे. ठेकेदाराला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे, पन्नास लाखांपर्यंत हजार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे मुंबईकराला पुण्याला खेपा घालायची गरज नाही. वकील सक्तीचा नाही. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचा रस्ता बंद होत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि “दसऱ्याला करतो” ऐकत दोन दसरे सहज जातात.

एक धोका लोणावळ्यात विशेष आहे. बंगला वीकेंडला भाड्याने द्यायच्या धंद्यासाठी बांधत असाल तर समोरचा वकील म्हणेल, हा व्यापारी हेतू आहे, हे ग्राहक नाहीत. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी असेल तरच त्यातून सूट मिळते. अशा वेळी करार दुप्पट काळजीने करा, कारण मग दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ताच उरतो.

पुराव्यासाठी दर शनिवारी साइटचे त्याच चार कोपऱ्यांतून फोटो काढा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा, “आज तुम्ही सोमवारी सेंटरिंगची माणसं पाठवतो म्हणालात.” वाद वाढतोय असं दिसलं की पुढचा हप्ता देण्याआधी बाहेरच्या सिव्हिल इंजिनिअरकडून झालेल्या कामाचा लेखी अहवाल घ्या. आम्ही तो घेतला तेव्हा उशीर झाला होता, तरी दुसऱ्या वर्षीचा वाढीव दर मागे घ्यायला त्या चार पानांनीच ठेकेदाराला भाग पाडलं. गृहकर्ज असेल तर बँकेचा इंजिनिअर हप्त्याआधी येऊन पाहतो. त्याचा अहवाल तुम्हीही मागून ठेवा. तक्रार कशी लिहायची हे विचारायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

येत्या दसऱ्याला खोदाई करायची असेल तर मोजणीचा अर्ज, ट्रायल पिट आणि परवानगीची फाइल या पावसाळ्याआधीच मार्गी लावा. आणि ज्या ठेकेदाराला काम द्यायचं मनात आहे, त्याने बांधलेल्या एखाद्या घरी जुलैमध्ये, ऐन पावसात जा. घरमालकाला भेटा, छताकडे पाहा, भिंतीला हात लावा.